सकाळी मैदान, संध्याकाळी अभ्यासिका: दहावीच्या लेकीच्या आईचा हिशेब

धाराशिवात अभ्यासिकांना काही तोटा नाही. एमपीएससीवाल्यांच्या, पोलीस भरतीवाल्यांच्या, नीटवाल्यांच्या, गल्लोगल्ली आहेत. त्यात एक जरा वेगळी आहे. सकाळी खो-खोचा सराव, संध्याकाळी अभ्यासिका, दोन्ही एकाच फीमध्ये, आणि फक्त आठवी ते दहावीच्या लेकरांसाठी. माझी मोठी लेक दहावीचं अख्खं वर्ष तिथं होती. यंदा त्यांच्या नव्या फ्लेक्सवर तिचा फोटो आलाय आणि खाली छापलंय, ‘विभागीय खेळाडू, दहावीत 84 टक्के’. फ्लेक्स लागल्यापासून माझ्या झेरॉक्सच्या दुकानात कुणी ना कुणी विचारतंच, “ताई, खरंच खेळून मार्क वाढतात का हो?” एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. नाव मुद्दाम देत नाही. गाव लहान, चालवणारे सर ओळखीचे, आणि मला चांगलं-वाईट दोन्ही लिहायचंय.

व्यवहार आधी सांगते. महिन्याला 1,400 रुपये, प्रवेशाचे 500 वेगळे, टी-शर्ट त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो. सकाळी पावणेसहा ते सव्वासात मैदान, संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ अभ्यासिका. रविवारी मैदान आहे, अभ्यासिका बंद. नुसतं मैदान किंवा नुसती अभ्यासिका घेतो म्हटलं तर देत नाहीत. ही अट मला आजही पटलेली नाही. ज्यांच्या घरी अभ्यासाला स्वतंत्र खोली आहे त्यांनी अभ्यासिकेचे पैसे का भरायचे?

आता फ्लेक्सचं. ‘खेळा, मेंदू तल्लख करा, 90 प्लस मिळवा’ असं वर मोठ्या अक्षरात. एका बाजूला सारिका काळे, दुसऱ्या बाजूला अविनाश साबळे. सारिका काळे आमच्या धाराशिवच्या, खो-खोत 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळवलेल्या. साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे, स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणलेले. दोघांचाही अभिमान आहेच, पण दोघांपैकी कुणीही या अभ्यासिकेच्या खुर्चीवर बसलेलं नाही, हे तिथं चौकशीला जाणाऱ्यानं ध्यानात ठेवावं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं, आणि कर्णधार प्रियांका इंगळे मूळची केज तालुक्यातली निघाली. त्यानंतर ज्या आया पूर्वी “पोरीच्या जातीला कशाला मैदान” म्हणायच्या, त्याच पहाटे स्कूटीवर पोरीला सोडायला दिसायला लागल्या. हे मात्र फ्लेक्सपेक्षा किती तरी मोठं काम झालं.

मार्कांच्या दाव्याबद्दल मला थोडंफार बोलता येतं, ते माझ्या धंद्यामुळं. बीपीएड, एमपीएड म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदव्या करणाऱ्या पोरांचे प्रबंध माझ्याकडं टायपिंग-बायंडिंगला येतात. ‘माध्यमिक स्तरावरील विद्यार्थ्यांचा क्रीडा सहभाग व शैक्षणिक संपादणूक’ हा विषय कुणी ना कुणी घेतंच. खेळणारी इतकी, न खेळणारी तितकी, वार्षिक परीक्षेचे गुण, मध्यमान म्हणजे सरासरी, प्रमाण विचलन, टी-मूल्य म्हणजे दोन गटांतला फरक योगायोगाचा आहे का ते तपासणारा आकडा, निष्कर्ष. टाईप करून करून साचा पाठ झालाय. पण अशा तुलनेत एक गोम असते. संघात घेताना शाळा आधीच बघते की हे लेकरू नापास होणारं नाही ना. शिवाय सकाळी उठवणारं, डबा देणारं, बुटाला पैसे काढणारं माणूस ज्या घरात आहे, त्याच घरातलं लेकरू मैदानावर टिकतं. मग गुण वाढले ते खेळानं की घरानं, हे टी-मूल्य सांगत नाही.

त्याच प्रबंधांच्या दुसऱ्या प्रकरणात एक नोंद सारखी येते, ती मी एकदा नीट वाचली. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं 2010 साली 50 अभ्यासांचा आढावा घेतला. शाळेतला शारीरिक शिक्षणाचा तास, मधली सुट्टी, वर्गातल्या हालचाली, शाळेनंतरचे खेळ, सगळं धरून. शारीरिक हालचाल आणि अभ्यास यांच्यातले 251 संबंध तपासले, त्यातले 50.5 टक्के चांगल्या बाजूचे निघाले, 48 टक्क्यांमध्ये काही फरकच दिसला नाही आणि उलटा परिणाम फक्त 1.5 टक्क्यांमध्ये. म्हणजे खेळलं की 90 प्लस, असं यातून निघत नाही. पण ‘मैदानावर गेली की अभ्यास बुडतो’ हे आपल्याकडचं लाडकं वाक्य त्याहून खोटं ठरतं. अभ्यास बुडतो तो कशानं, हे मला या वर्षभरात जवळून दिसलं, आणि ते मैदान नव्हतं.

मैदान मुरमाचं आहे. मॅट आहे, पण ती पत्र्याच्या शेडमध्ये गुंडाळलेली, जिल्हा स्पर्धा जवळ आली की बाहेर निघते. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात, त्यामुळं मुरमावर वर्षभर पळून ऐनवेळी मॅटवर जाणाऱ्या पोरींचा पाय पहिल्या दिवशी अडखळतो. सरांना विचारलं तर म्हणाले, “ताई, रोज अंथरली तर दोन वर्षांत फाटती, नवी कोण देणार?” हेही खरंच. उन्हाळ्यात मुरूम इतका कडक होतो की आदल्या संध्याकाळी पाणी मारावंच लागतं, आणि आमच्या गावात नळाला रोज पाणी येत नाही. सर स्वतःच्या खिशातून टँकर आणतात. ते कुठल्या फ्लेक्सवर नाही.

सरांच्या शिकवण्याला मात्र दहापैकी दहा. मी पहिले काही दिवस लेकीला सोडून तिथंच कट्ट्यावर बसत असे. खांबावरचा सूर शिकवत होते. एका हातानं खांब धरायचा, अंग जमिनीला जवळजवळ आडवं होईल इतकं झोकून द्यायचं आणि दुसऱ्या हातानं पळतीला टिपायचं. माझ्या लेकीचा हात सुटायचा, ती गुडघ्यावर पडायची. सरांनी तिला सूर मारूच दिला नाही. खांबाच्या अलीकडं चुन्याची एक आडवी रेघ ओढली आणि फक्त शेवटचं पाऊल त्या रेघेवर पाडायला लावलं. पळत यायचं, रेघेवर पाऊल, थांबायचं, परत. हातानं काही करायचं नाही. पोरगी वैतागली, मीही वैतागले. मग एका सकाळी त्यांनी रेघ पुसली आणि म्हणाले, “आता मार.” पाऊल आपोआप तिथंच पडलं, हात घट्ट बसला, आणि समोरची पोरगी बाद झाली. ओरडणं नाही, शिव्या नाहीत, पट्टी नाही. पोरींच्या खांद्याला हात लावून शिकवायचं असेल तर ते मोठ्या मुलींकडून करवून घेतात, हेही मी मुद्दाम बघितलं. आईला हे बघावंच लागतं.

एक नावडलेली गोष्ट. विश्रांतीच्या पाच मिनिटांत सर विज्ञानाची सूत्रं विचारतात, आईबाप बघत असले की जरा जास्तच. पोरी धापा टाकत ‘आम्ल अधिक आम्लारी’ म्हणतात. हा देखावा आहे. मैदानावर मैदानच राहू द्या.

आणि स्वच्छतागृह. मुलींसाठी एकच आहे, त्याची किल्ली वॉचमनकडं, वॉचमन सहाच्या आधी येत नाही. पंधरा वर्षांच्या पोरी पावणेसहाला मैदानावर बोलावता आणि किल्ली सहानंतर देता, हे चालायचं नाही. आम्ही चार-पाच आयांनी मिळून सांगितल्यावर दुसरी किल्ली करून पोरींच्या कप्तानाकडं दिली. ती खरं तर पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

बॅचमध्ये सगळ्या शहरातल्याच पोरी, हेही खटकलं. आजूबाजूच्या गावांतून शाळेला येणाऱ्या मुलींना एसटीचा अहिल्यादेवी होळकर योजनेतला मोफत पास आहे, पण पास असून उपयोग काय, पहिली गाडी येईस्तोवर सराव संपलेला असतो. संध्याकाळी साडेनऊला परत जायला गाडी नाही. खो-खोत ज्या पोरी सगळ्यात चिवट पळतात त्या खेड्यातल्या, आणि ही सोय त्यांच्यासाठी नाहीच. सर त्यांना शाळेत दुपारी शिकवतात तेवढंच. ज्यांचे आईबाप ऊसतोडीला जातात त्या तर दिवाळीनंतर दिसतच नाहीत.

संध्याकाळच्या अभ्यासिकेत मला पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं, आणि त्याचं कारण खुर्च्या-पंखे नाहीत. खुर्च्या प्लास्टिकच्या, पंखे आवाज करणारे, इन्व्हर्टर मात्र चांगला. दारातच लाकडी पेटी, त्यात मोबाईल टाकायचा, किल्ली देखरेखीला असलेल्या ताईंकडं. या ताई एमएस्सी झालेल्या आहेत. शिकवत नाहीत, पण अडलेलं गणित सोडवून देतात. खरी किंमत आहे ती एका साध्या शंभर पानी वहीची. प्रत्येक लेकराची एक वही, पानावर चार रकाने: रात्री झोपले किती वाजता, सकाळी उठले किती वाजता, काल काय वाचलं, आज काय अडलं. पहिले दोन रकाने घरच्यांनी भरायचे आणि सही करायची. सकाळी सर मैदानावर आधी वही बघतात. रात्री साडेदहानंतर झोपलेल्या पोरीला त्या दिवशी पळू देत नाहीत. तिनं शिट्टी आणि घड्याळ घेऊन गुण लिहायला बसायचं.

आमच्या घरात यावरून दोन आठवडे भांडण झालं. यांचं म्हणणं, “दहावीचं वर्ष आहे, अकरा-बारापर्यंत जागली तर काय बिघडलं? आम्ही नाही का जागलो?” सरांनी यांना फोनवर एवढंच सांगितलं, “दादा, या वयाच्या लेकराला आठ ते दहा तास झोप लागते. बारापर्यंत जागवायचं असेल तर पहाटे मैदानावर पाठवू नका. दोन्ही जमणार नाही.” त्या दिवसापासून आमच्याकडं सव्वानऊला भाकरी थापून तयार, पावणेदहाला जेवण, सव्वादहाला लाईट बंद. टीव्हीसुद्धा. धाकट्यालाही त्याच वेळी झोपावं लागलं, त्याचा राग अजून आहे.

गुणांवर परिणाम म्हणाल तर सरसकट काही झालं नाही. पहिल्या घटक चाचणीत विज्ञानाला 20 पैकी 9 होते, दुसरीत 15 आले. इतिहास-भूगोल सुधारला. गणित जिथं होतं तिथंच राहिलं, कारण भूमितीतली अडचण झोपेनं सुटत नाही, तिला शिकवणारा लागतो. मोबाईल पेटीत, झोप वेळेवर आणि रोज एकाच खुर्चीवर तीन तास, यानं पाठांतराच्या विषयांना फायदा झाला हे मी छातीठोक सांगते. मैदानाचा त्यात वाटा इतकाच की पहाटे उठायचं म्हणून लेक रात्री झोपायला तयार झाली. नुसत्या अभ्यासासाठी तिला सव्वादहाला झोपवायला गेले असते तर तिनं ऐकलं नसतं. पळायला मिळणार नाही या धाकानं ऐकलं.

मग आला स्पर्धेचा मोसम. तालुका, जिल्हा, मग लातूरला विभाग. आमच्याकडं ऑक्टोबर म्हणजे सोयाबीनची काढणी, पहिल्या सत्राची परीक्षा आणि स्पर्धा, सगळं एकाच वेळी अंगावर येतं. आमच्या पोरींनी जिल्हा जिंकला, विभागाला पहिल्याच सामन्यात हरल्या. त्या काळात सर पोरींसोबत बाहेर, ताईही सोबत, कारण मुलींच्या संघाबरोबर बाई लागतेच. मग अभ्यासिका बंद. एक-दोन दिवस नव्हे, स्पर्धेच्या काळात जवळजवळ रोजच. जी लेकरं संघात नव्हती त्यांचेही पैसे घेतले आणि कुलूप लावलं. भरपाई नाही, फीत सूट नाही, “पुढच्या महिन्यात रविवारी घेऊ” म्हणाले, घेतलं नाही. लेकीला सत्र परीक्षेत भूमितीला पासापुरते गुण पडले. वर्गशिक्षिका म्हणाल्या, “आता खो-खो बंद करा.” मी नाही केलं. कारण वही काढून बघितली तर त्या आठवड्यांत झोपेच्या रकान्यात बारा, साडेबारा, एक असे आकडे होते. प्रवासातून उशिरा यायची आणि मग बुडालेलं लिहून काढत बसायची. बिघडलं होतं ते वेळापत्रक. अभ्यासिका चालू असती तर इतकं बिघडलं नसतं. माझ्या मते या सेवेची ही सगळ्यात मोठी खोट आहे: जेव्हा सगळ्यात जास्त गरज तेव्हाच दार बंद.

डिसेंबरपासून सरांनी दहावीच्या मुलींचा सराव स्वतःहून कमी केला. खो-खो बंद, फक्त पाऊण तास पळणं आणि व्यायाम, तेही ज्यांना यायचंय त्यांनी. निम्म्या आयांनी जानेवारीत पोरी काढून घेतल्या. माझी जात राहिली. आल्यावर भिजवलेले हरभरे आणि गूळ खाऊन सातला पुस्तक घेऊन बसायची. तेव्हाची भूमिती मी वेगळी शिकवणी लावून सुधारून घेतली, महिना 800 रुपये. फ्लेक्सवरच्या 84 टक्क्यांत त्या शिकवणीच्या बाईंचा फोटो नाही.

क्रीडागुणांबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण दुकानात पहिला प्रश्न तोच असतो. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात हे बरोबर. ते स्पर्धेच्या पातळीप्रमाणे ठरतात, जिल्ह्यापेक्षा विभागाचे, विभागापेक्षा राज्याचे जास्त. पण नीट ऐका: शालेय स्पर्धेत संघ उतरवते ती शाळा. अशी खाजगी केंद्रं नाही. तुमच्या शाळेचा संघच नसेल तर इथं कितीही पळा, शालेय स्पर्धेच्या गुणांचा संबंध येत नाही. प्रस्तावही शाळेमार्फतच जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आणि तिथून मंडळाकडं जातो. धाराशिवचं विभागीय मंडळ लातूर. आणि जूनमध्ये दहावीतल्या पोरीला घालून ऑक्टोबरमध्ये संघात बघायचं असेल तर ते होत नाही. संघातल्या पोरी सहावी-सातवीपासून एकमेकींच्या पाठीवर खो देत आलेल्या असतात.

या बाबतीत केंद्राचा अनुभव वाईट. “कागदपत्रांचं सगळं आम्ही बघू” असं सांगून त्यांनी मुलींची मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली, फोटो काढायला म्हणून. शाळेनं मागितली तेव्हा सापडेनात. शेवटी मिळाली ती टी-शर्टांच्या खोक्यात. माझ्या लेकीच्या प्रमाणपत्रावर वडलांचं नाव शाळेच्या रजिस्टरपेक्षा वेगळं छापलेलं होतं. मी रोज कागदंच बघते म्हणून डोळ्याला लागलं आणि मुदतीच्या आत दुरुस्ती करून घेतली. दुसऱ्या एका मुलीचं तसंच गेलं असतं. प्रमाणपत्र हातात पडलं की त्याच दिवशी नाव, जन्मतारीख, शाळेचं नाव, स्पर्धेची पातळी रजिस्टरशी ताडून बघा, दोन झेरॉक्स काढा आणि मूळ प्रत घरात ठेवा. कुणालाही देऊ नका, सर कितीही चांगले असोत.

तर कुणी घालावं? आठवीतलं लेकरू असेल, शहरात घर असेल आणि शाळेला संघ असेल तर बिनधास्त घाला. नववीतही चालेल. दहावीत नव्यानं फक्त मार्कांसाठी घालू नका, पैसे आणि पहाट दोन्ही वाया जाईल. अभ्यासात मूळ अडचण असेल, विशेषतः गणिताची, तर आधी शिकवणीची सोय बघा, इथं ती मिळत नाही. आणि घरात रात्री अकराच्या आधी टीव्ही बंद होणार नसेल तर त्या वहीचा उपयोग नाही, खोट्या सह्या करणारे आईबापही मी पाहिलेत.

मी पाचपैकी साडेतीन देते. सरांमुळं आणि त्या वहीमुळं साडेतीन, नाहीतर अडीचच दिले असते. धाकटा जूनमध्ये आठवीला जाईल, त्याला घालणार आहे. पण स्पर्धेच्या दिवसांत अभ्यासिका कोण उघडणार हे सरांकडून आधीच विचारून घेतलंय. त्यांनी एका निवृत्त मास्तरांचं नाव सांगितलंय. मास्तर पहिल्या आठवड्यात खरंच येऊन बसले तरच दुसऱ्या महिन्याची फी भरेन, हेही सांगून ठेवलंय.